माल साबूत भेटला

आमच्या दारात जड सामान आलं की भांडण ठरलेलं. फ्रीज आला तेव्हा झालं, लोखंडी कपाट आलं तेव्हा झालं, मुलाच्या लग्नानंतर पलंग आला तेव्हा तर शेजारची माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. सामान आणणारे घाईत असतात. त्यांना कागदावर सही हवी असते आणि पुढच्या घरी जायचं असतं. मी सही करत नाही. आधी खोका उघडा, म्हणते. ते म्हणतात, मॅडम, उघडायला कंपनीचा माणूस येईल. मी म्हणते, मग त्याला येऊ द्या, तोवर तुम्ही बसा, मी चहा टाकते. माझी मुलं आतल्या खोलीत जाऊन बसतात. सून एकदा म्हणाली, आईंना जकात नाक्यावरच बसवायला हवं होतं. सगळे हसले. मीही हसले, पण सही केली नाही.

जड माल मागवण्याचे नियम काही फार नसतात. पेटी मजबूत हवी. तिच्या बुडाला आडवी जाड लाकडं ठोकलेली हवीत, म्हणजे खालून सब्बल, म्हणजे पहार, घालून ती उचलता येते. आत माल हलणार नाही इतकं गवत ठासून भरलेलं हवं. कोणती बाजू वर राहायला हवी ते बाण काढून दाखवायचं. घेणाऱ्याचं नाव-गाव दोन बाजूंना लिहायचं, कारण एक बाजू वाटेत घासून पुसली जातेच. हे सगळं पाठवणाऱ्यानं करायचं. घेणाऱ्याकडे एकच काम उरतं. सही करण्याआधी पेटी उघडून पाहायची. आमच्याकडून तेवढं एक झालं नाही.

आमचं गाव आंबागड, तुमसर तालुक्यातलं. मागे डोंगर आणि त्यावर जुना किल्ला, पुढे धानाच्या बांध्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसरला राइस मिली पुष्कळ, पण आमच्या गावच्या बायांना घरापुरतं धान सडायचं तर मुसळ उचलावं लागे, नाहीतर टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावच्या गिरणीपर्यंत चालावं लागे. पाऊस असला की टोपलीवर गोणपाट टाकून चालायच्या आणि गिरणीवर पोचल्यावर कळायचं, आज गिरणी बंद आहे. विजेचे खांब गावात आले होते, पण वीज मनात येईल तेव्हा यायची. तिच्या भरवशावर कोणी गिरणी टाकली नसती.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, तुमसरच्या एका मिलमध्ये इंजिन सांभाळायचा. घरी आला की आईला तोंडानं इंजिनाचे आवाज काढून दाखवायचा. हे नीट चाललेलं, हे तेल कमी पडलेलं, आणि हे मालक ओरडायला लागल्यावर घाबरून चाललेलं. आई हसून हसून चुलीपुढून उठायची. तेव्हा एक ठेकेदार बिलासपूरच्या पलीकडे कारखान्याच्या बांधकामावर माणसं नेत होता. दादाबरोबर काम करणारे काही जण गेले. दादाही जातो म्हणाला. आईनं जेवण सोडलं. मग एका संध्याकाळी तो तिच्याजवळ चुलीशी बसला आणि म्हणाला, "माय, गावातच धानाची गिरणी टाकतो मी. चालली का मंग कोठीच जात नाई. पण नाई चालली, तर मले अडवू नोको."

आईनं ते ऐकलं, बाबांनी ऐकलं, मीही ऐकलं. गिरणी चालली तर दादा घरात, नाहीतर परमुलखात. इतकं सरळ होतं ते. बैलांची एक जोडी विकली, आईच्या गळ्यातलं मोडलं. हलर, म्हणजे धान सडायचं यंत्र, तुमसरहून जुनं मिळालं. इंजिन मात्र दादाला नवंच हवं होतं, डिझेलचं. ते त्यानं गुजरातहून मागवलं. त्या दिवसापासून तो पोस्टमनच्या वाटेवर नजर लावून बसायचा, आणि आम्ही त्याला विचारायचो, नवरी कुठपर्यंत आली?

तुमसरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं कार्ड आलं ते नेमकं पितृपक्षात. तुमचा माल आला आहे, लवकर सोडवून न्या, नाहीतर गोडाऊनचं भाडं चढेल.

बाबांचा चेहरा उतरला. पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडे नवं काही करत नाहीत. नवी वस्तू आणत नाहीत, आणावीच लागली तर उघडत नाहीत, वापरायला काढत नाहीत. काही घरं हे नुसतं बोलायची. बाबा पाळायचे, आणि त्यांना कारण होतं. दादा आणि माझ्या मध्ये एक बहीण झाली होती. तिच्यासाठी बाबांनी मोठ्या हौसेनं नवा पाळणा आणला आणि पितरातच टांगला. पंधरवडा संपायच्या आत ती तापानं गेली. बाबांनी तो पाळणा कुऱ्हाडीनं तोडून चुलीत घातला, असं आई सांगायची. तेव्हापासून पितरांच्या बाबतीत बाबांशी कोणी वाद घालत नसे.

दादानं वाद घातला नाही, पण माल तिकडे पडून राहिला तर कोणीही हात लावेल, एवढं म्हणाला. शेवटी मधला मार्ग निघाला. पेटी घरी आणायची, पण उघडायची नाही. दसऱ्याला तिची पूजा करायची, नारळ फोडायचा, मग उघडायची. बाबांनी मलाही बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, घेतलं ते कागद वाचायला. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते आणि इंग्रजी अक्षरं लावता येणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. खताची पोती, टायर, सायकलींचे गठ्ठे, आणि त्यांच्यामागे भिंतीला लागून आमची पेटी. एवढी मोठी पेटी मी आधी पाहिली नव्हती. बाबांनी लांबूनच तिला हात जोडले. दादा तिच्याभोवती फिरला, पुन्हा फिरला, मग एका कोपऱ्याशी उकिडवा बसला.

"बाबा, हे फळी नवी हाये," तो म्हणाला. "बाकीच्या साऱ्या काळ्या पडल्या, हे पांढरी हाये. खिळेई नवेच. रस्त्यात कोठी तरी पेटी फुटली अन् मंग कोणी ठोकली."

गोडाऊनचा मुनीम टेबलावरूनच बोलला, "अरे भाऊ, एवढ्या लंब्या रस्त्यानं माल येते. एका गाडीतून काढते, दुसरीत टाकते. एखादी फळी निघतेच. आतमंदी लोखंड हाये, काच थोडीच हाये!"

"उघडून पायतो," दादा म्हणाला. हमालाची सब्बल जवळच पडली होती. त्यानं ती उचललीसुद्धा.

"ठेव ते," बाबा म्हणाले.

"एकच फळी काढतो. हात घालून चाचपून पायतो, बस."

"पितर चालू हायेत."

"बाबा, इंजिन हाये ते. पायल्यानं काय होते?"

बाबा त्याच्या अगदी जवळ गेले. मुनीम आणि हमालांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले, पण मी बाजूलाच होते. "एक डाव भोगलं मी. आता माह्याजवळ तू हायेस अन् हे पोरगी हाये. तुह्या नावाची वस्तू मी पितरात उघडू देणार नाई. मले मारून टाक, मंग उघड."

दादानं सब्बल खाली ठेवली आणि हात पँटीला पुसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन असं त्याला वाटलं असेल, पण गेलेल्या मुलीची आठवण काढणाऱ्या बापापुढे बोलणार तरी काय?

मुनिमानं पावती पुढे केली. मी ती वाचली. माल चांगल्या स्थितीत मिळाला, काही तक्रार नाही, असं इंग्रजीत छापलेलं होतं. मी बाबांना ते सांगितलं आणि म्हटलं, "पण आपण तर माल पायलाच नाई."

मुनीम हसला. "माल साबूत भेटला, एवढंच लिवलं हाये, बाई. सगळ्याइच्या पावतीवर तेच राहते. सही झाल्याशिवाय मले माल सोडता येत नाई."

साबूत म्हणजे न फुटलेला, न मोडलेला. आमच्याकडचा रोजचा शब्द. बाबांनी पावती गुडघ्यावर धरून सही केली. हमालांनी पेटीखाली गोल लाकडं सरकवली आणि ओरडत ओरडत ती बंडीवर चढवली.

गावात हमाल नव्हते. दादानं आदल्या दिवशीच अंगणात दोन चर खणून ठेवले होते. बंडीची चाकं त्यांत उतरवली की बंडीचं बूड जवळजवळ जमिनीला टेकत होतं. मग पेटी लाकडांवरून सरकवत सरळ गुरांच्या कोठ्यात नेली. बैल विकल्यानं कोठा अर्धा रिकामाच होता. वाटेत आम्ही इतकं जपलं की बंडी खड्ड्यातून जाताना दादा खाली उतरून चाक हातानं धरायचा. आमच्या हातून त्या पेटीला धक्का लागला नाही. हे मी पुढे मुनिमाला ओरडून सांगितलं, पण तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

दसऱ्यापर्यंत पेटी कोठ्यात राहिली. दादानं इंजिनासाठी सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर पाणी मारत राहिला, हलर पुसून तेल देऊन ठेवला. गावातल्या बाया धुणं घेऊन जाताना आमच्याकडे वळायच्या. कोणी पेटीला हात लावून तो कपाळाला लावायची. एकीनं तर हळदीकुंकू वाहून टाकलं. दादा अधूनमधून पेटीजवळ जाई आणि त्या पांढऱ्या फळीवर बोटांनी टकटक करी. बाबा वावरात गेले होते तेव्हा आईनं त्याला सांगितलं, "उघडून पाय ना एक डाव. मी कोणाले सांगत नाई."

"नोको, माय," दादा म्हणाला. "त्याइले समजलं तर तुटून जातील ते."

दादा असा होता. त्याला माझ्यासारखं फटकन तोडता येत नसे. मी त्याच्या जागी असते तर फळी काढली असती, बाबा काय ते बोलले असते आणि आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांकडे पाठ करून बसलो असतो. पण मला इंजिनातलं काय कळत होतं?

दसऱ्याला अंगण शेणानं सारवलं. बाबा नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे राहिले. बाया जमल्या, पोरं कोठ्याच्या कुडावर चढली. दादानं सब्बल घेतली आणि सगळ्यात आधी ती पांढरी फळीच काढली. आतून गवताचा पुंजका बाहेर आला. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, नव्हता; तिकडचं कसलं तरी पिवळं गवत होतं. दादानं त्यात हात घातला, आत चाचपलं आणि मग हात बाहेर काढला. हातात लोखंडाचा तुकडा होता.

इंजिनाचं अंग बिडाचं असतं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड वाकत नाही, तुटतं. इंजिन ओट्यावर ज्या पायांनी बसायचं त्यातला एक पाय तुटला होता आणि तिथून वर अंगापर्यंत भेग गेली होती. पेटी कोणाच्या तरी हातून कोपऱ्यावर पडली असणार. दादानं तो तुकडा तुटल्या जागी लावून पाहिला. तो बरोबर बसला. त्यानं तो काढला आणि पुन्हा लावला.

"काय झालं वं?" मागून कोणी तरी बाई म्हणाली.

बाबा तसेच उभे. नारळ हातात. मग दादाच उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बाबा, पूजा करून घ्या. मंग पाहू काय होते ते."

आणि बाबांनी त्या मोडक्या इंजिनाला कुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. मला इतका संताप आला की मी घरामागच्या सांदवाडीत जाऊन रडले. तो संताप बाबांवर होता, मुनिमावर होता, आणि सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या दादावरही होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तुमसरला गेलो. मुनिमानं तुकडा हातात घेऊन पाहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण म्हणाला, "इथंच उघडलं असतं, माह्यासमोर, अन् पावतीवर लिवलं असतं का माल मोडला भेटला, तर मी मालकाशी भांडलो असतो. त्याइनं तुमाले काहीतरी देल्लं असतं. आता तुमी सही करून नेला, इतके दिवस घरी ठेवला. घरी नेऊन उघडलं का मंग कोणी पायत नाई, भाऊ. कोणी मोडलं, कसं मोडलं, काय सांगू मी?"

बाबा खाली मान घालून ऐकत होते. गुजरातच्या कंपनीला लिहिलं, तिनं ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवलं. ट्रान्सपोर्टनं आमच्या सहीकडे बोट दाखवलं. सही बाबांची होती, तेव्हा त्यांना पुढे कोणाकडे बोट दाखवता येईना.

तुमसरच्या एका वेल्डरनं पितळ भरून तो पाय जोडून दिला. बीड जोडलेलं टिकत नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. तरी इंजिन ओट्यावर बसवलं, पट्टा चढवला, आणि ते सुरू झालं. त्या आवाजानं आख्खं गाव आमच्या दारात आलं. बायांनी धानाच्या टोपल्या ओळीनं लावल्या. पहिला तांदूळ पडला तेव्हा आईनं त्यातला मूठभर घेऊन दादाच्या डोक्यावरून ओवाळला. मलाही वाटलं, झालं, आता दादा इथंच राहतो.

दिवाळीपर्यंतही ते चाललं नाही. एका दुपारी दादा हलरशी उभा होता. मध्येच त्यानं मान तिरकी केली. आम्हाला कोणाला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यानं जाऊन इंजिन बंद केलं, वाकून भेग पाहिली. ती आता पार वरपर्यंत गेली होती. तो बाहेर आला आणि अंगणात सूप घेऊन बसलेल्या आईला म्हणाला, "झालं, माय."

आईनं त्याला अडवलं नाही. तसं ठरलं होतं ना.

वरठीच्या स्टेशनवर आम्ही त्याला सोडायला गेलो, बाबा आणि मी. भंडारा रोड म्हणतात ते स्टेशन हेच. बाबांनी त्याच्या ट्रंकेचं कुलूप ओढून पाहिलं. ट्रंकेला बांधलेली दोरी ओढून पाहिली. मग त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, लहान मुलाला शाळेत पाठवताना करतात तसं. "जसा जाऊन राहिला, तसाच वापस ये," म्हणाले. दादा म्हणाला, "येतो ना, बाबा. मले काय होते?" गाडी हलली तेव्हा त्यानं दारात उभं राहून मला तोंडानं इंजिनाचा आवाज काढून दाखवला, मालक ओरडताना घाबरून चालतं त्या इंजिनाचा. मी हसले. बाबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

बाबांवर मी फार दिवस रागावून होते. भात वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपणहून बोलायची नाही. त्यांना ते कळत होतं. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू सांगितली नाही. दादा मात्र दिवाळीला यायचा, त्यांच्या पायाशी बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा. कारखान्याच्या मोठमोठ्या चिमण्या, त्यांच्याभोवती बांधलेले बांबू, वरून माणसं किती लहान दिसतात. आई कानांवर हात ठेवायची. "सांगू नोको तसं," म्हणायची.

बाबांना मात्र एक खोड लागली. कोणतीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ते घेईनात. दुकानातली छत्री तिथेच उघडायचे. बियाण्याची पिशवी सोडून हात घालायचे. गुळाची ढेप फोडून दाखवा म्हणायचे. एका लग्नात आम्हाला अहेर आला तर मांडवातच कागद फाडून लुगड्याची घडी मोडली आणि उजेडाकडे धरलं. माणसं हसली. "आला पाय, तपासनीस आला," असं पोरंसुद्धा म्हणायला लागली. मला लाज वाटायची. आई म्हणायची, "करू दे त्याइले. तेवढ्यानं त्याइचं मन भरते तर भरू दे." पितरातसुद्धा ते आता सगळं उघडून पाहायचे. त्यांनी तो नियम कधी सोडला हे मला कळलंच नाही.

अशी काही वर्षं गेली. मला तुमसरला शाळेत नोकरी लागली. राग विरत आला होता. दादाच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं, मुलगी साकोलीकडची होती. उन्हाळ्यात तार आली. दादा उंचावरून पडला होता. बाबांनी ती तार हातात घेतली आणि उलटी करून मागची बाजूही पाहिली.

ठेकेदारानं त्याला रेल्वेनं पाठवलं. आमच्या जवळच्या स्टेशनवर ती गाडी थांबत नव्हती, म्हणून आम्ही मेटॅडोर करून वरठीला गेलो. आई, बाबा, मी आणि गावातली काही माणसं. गाडी दुपारी आली. फलाटावर ऊन होतं, लोकांची गडबड होती, कोणी बर्फाचं पाणी विकत होता. पार्सलच्या डब्यातून हमालांनी पेटी उतरवली आणि पार्सल ऑफिससमोर ठेवली. बरोबर ठेकेदाराचा एक माणूस होता. तो हात बांधून उभा राहिला.

पेटी नव्या लाकडाची होती. वर दादाचं नाव नव्हतं, बाबांचं होतं, घेणाऱ्याचं. फळ्यांच्या फटीतून बर्फाचं पाणी गळत होतं आणि तणस बाहेर आलं होतं. धानाचंच तणस होतं ते, आमच्याकडच्यासारखं.

पार्सलचा बाबू वही घेऊन बाहेर आला. आमच्याच भागातला असावा. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, इथं सही करा. मंग न्या."

"आधी उघडा," बाबा म्हणाले.

ठेकेदाराचा माणूस पुढे झाला. "बाबूजी, यहाँ मत देखिए. घर ले जाइए. देखने जैसा नहीं है."

"घरी नेऊनच उघडा, बाबा," बाबू म्हणाला. "इथं सारे लोकं हायेत."

"घरी नेऊन उघडलं का मंग कोणी पायत नाई," बाबा म्हणाले. "सब्बल आना."

मी त्यांचा हात धरला. "बाबा, नोको. मी पाया पडतो तुमच्या." ते माझ्याकडे न पाहता उभे राहिले. मागे बाकावर आई तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "सोड वं त्याइले. पाहू दे."

हमाल सब्बल घेऊन आला. बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि पहिली फळी स्वतः काढली. बाकीच्या हमालानं काढल्या. बाबूनं लोकांना मागे सारलं आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. बाबा खाली बसले. तणस हातानं बाजूला केलं. चेहरा एका बाजूनं ओळखू येत होता. बाबांनी दुसरी बाजूही पाहिली. मग त्याचा एक हात बाहेर काढून पाहिला, मग दुसरा. पाय चाचपले. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, तिथे बोट ठेवलं. घाई अजिबात केली नाही. मग तणस पुन्हा नीट त्याच्या बाजूंनी लावलं आणि उठले.

"वही आना," म्हणाले. "कोठी लिवाचं असते?"

बाबूला कळेना. मला कळलं. सहीच्या वरच्या रिकाम्या जागेवर मी बोट ठेवलं.

बाबांनी पेन घेतलं, वहीवर टेकवलं आणि मग ते माझ्याकडे दिलं. "तूच लिव, बाई. माह्यानं होत नाई."

"काय लिहू, बाबा?"

"लिव. धाडतानी साबूत होता. मोडला भेटला."

मी तसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली बाबांनी सही केली.